त्रेपन्न आणि त्र्याण्णव: पालिकेच्या शाळांचा दहावीचा निकाल कसा वाचायचा

जून 2019 मध्ये दहावीचा निकाल लागला, तेव्हा मुंबई महापालिकेच्या माध्यमिक शाळांचा आकडा आला सुमारे 53 टक्के. आदल्या वर्षी तो 74 च्या आसपास होता. पालिकेच्या शाळांत शिकवतच नाहीत, असं जो तो म्हणू लागला. मग 2020 चा निकाल आला आणि त्याच शाळा 93 टक्क्यांच्या वर गेल्या. इमारती त्याच होत्या, शिक्षक बहुतेक तेच, मुलं त्याच वस्त्यांतली. एका वर्षात कुठल्याही शाळेचं शिकवणं चाळीस टक्क्यांनी सुधारत नाही, आणि त्याआधीच्या वर्षात ते वीस टक्क्यांनी ढासळलंही नव्हतं. मग बदललं काय?

बदलली होती परीक्षा. 2019 ला राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकलं होतं. तोंडी परीक्षेत पंधरा-सोळा गुण हातात यायचे, उरलेले लेखी पेपरात मिळवले की 35 ची रेषा पार व्हायची. ते गुण गेले आणि सगळा भार लेखीवर आला. ओरड झाली, पुढच्या वर्षी ते 20 गुण परत आले. त्यात 2020 ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीने दिले गेले. अख्ख्या राज्याचा निकाल बघा: 2018 ला 89.41 टक्के, 2019 ला 77.10, आणि 2020 ला 95.30. म्हणजे राज्याचा आकडा बारा टक्क्यांनी घसरला तेव्हा पालिकेचा वीसहून अधिक घसरला. राज्य अठरा टक्क्यांनी चढलं, पालिका चाळीस टक्क्यांनी. नियम सगळ्यांना एकच होता, पण धक्का पालिकेच्या शाळांना जवळपास दुप्पट बसला.

असं का झालं, ते कळलं की शाळाशाळांमधल्या फरकाचं अर्धं कोडं सुटतं.

दादरच्या चौपाटीवर भरतीच्या वेळी माणसं उभी आहेत अशी कल्पना करा. काही जण वर कठड्यावर बसलेत, काही अगदी पाण्याच्या कडेला उभे आहेत. पाणी हातभर पुढे आलं तर कठड्यावरच्यांना कळतही नाही, कडेची माणसं मात्र घोट्यापर्यंत भिजतात. दहावीत 35 गुण ही पाण्याची कडा आहे. ज्या शाळेतली बहुतेक मुलं 60-70 च्या घरात आहेत, तिथे पेपर थोडा अवघड निघाला किंवा तोंडीचे गुण गेले तरी उत्तीर्णांचा टक्का जागचा हलत नाही. मुलांचे गुण कमी होतात, पण ती पास होतातच. ज्या शाळेतली निम्मी मुलं 32 ते 42 च्या दरम्यान आहेत, तिथे चार गुणांचा फरक म्हणजे पंधरा-वीस मुलांचा फरक. शिकण्यातला फरक तेवढाच असतो, निकालाच्या आकड्यात मात्र तो कितीतरी मोठा होऊन दिसतो.

म्हणून मला वर्षानुवर्षं वाटत आलंय, की उत्तीर्णांचा टक्का हा शाळा मापण्याचा फार भरड मापदंड आहे. 36 गुणांचं मूल आणि 91 गुणांचं मूल त्यात सारखंच मोजलं जातं, आणि 34 वालं मूल शून्य.

मुळात या मुलांपैकी इतकी जणं कडेला का उभी असतात? यासाठी पालिकेच्या शाळांची रचना समजून घ्यावी लागते. मुंबई महापालिका ज्या 1888 च्या कायद्यावर चालते, त्यात प्राथमिक शिक्षण हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. माध्यमिक शिक्षण मात्र ऐच्छिक. त्यामुळे पालिकेच्या प्राथमिक शाळा शहरभर पसरल्या आणि त्या मानाने माध्यमिक शाळा फार थोड्या. प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत, काही ठिकाणी आठवीपर्यंत. तिथे दाखला हातात पडतो आणि घरात चर्चा सुरू होते: आता याला कुठे घालायचं? ज्या आईवडिलांना जमतं, जे चौकशी करू शकतात, ज्यांचं मूल बऱ्यापैकी हुशार आहे, ते जवळची अनुदानित खासगी शाळा गाठतात. सेमी इंग्रजीची तुकडी कुठे आहे ते बघतात. उरलेली मुलं पालिकेच्या माध्यमिक शाळेत येतात, आणि काही कुठेच जात नाहीत.

म्हणजे पालिकेची माध्यमिक शाळा दोनदा गाळलेली मुलं घेते. पहिलीतच पालिकेच्या शाळेत आली ती गरीब घरातली, आणि सातवीनंतरही तिथेच राहिली ती त्यातल्याही अधिक अडचणीतल्या घरांतली. शिवाजी पार्कजवळच्या शंभर वर्षांच्या संस्थेच्या शाळेशी या शाळेच्या निकालाची तुलना करणं म्हणजे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू झालेल्या धावण्याच्या शर्यतीत फक्त शेवटची फीत बघणं आहे.

पालिकेच्या शाळांतही आपसात असाच फरक असतो. या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून चालतात. एकाच इमारतीत सकाळच्या अधिवेशनात एक शाळा भरते आणि दुपारच्या अधिवेशनात दुसरी. फळा तोच, बाकं तीच, नळाला पाणी येतं तेही तेच, पण निकाल वेगळे. गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर हा सगळा भाग येतो एम पूर्व वॉर्डात. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा वॉर्ड शहरात सर्वांत खाली होता. शहरभरच्या प्रकल्पांत घरं गेलेली कुटुंबं याच पट्ट्यात आणून बसवली गेली. घर हललं की शाळा हलते, आणि बऱ्याचदा वर्षाच्या मध्यात हलते. अशा वस्तीतल्या शाळेच्या दहावीच्या पटावर बघा, किती मुलं त्या शाळेत पाचवीपासून आहेत आणि किती मागच्या दोन वर्षांत आलीत. निकालातल्या फरकाचं कारण बरेचदा त्या पानावरच लिहिलेलं असतं.

आता एक जवळून बघितलेली गोष्ट सांगते. पूर्व उपनगरातल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी गणित शिकवते. दहावीचं वर्ष सुरू झालं, की जुलैत पहिल्या आठवड्यात मी एकच गणित घालते: 608 भागिले 6. बावीस मुलांपैकी नऊ जणांचं उत्तर आलं 11, बाकी 2. एक मुलगी, खूप नीटनेटकी, वहीला समास आखणारी, तिचंही उत्तर 11. मी तिला मोठ्याने करून दाखवायला सांगितलं. सहा एके सहा, बरोबर. शून्य खाली घेतलं. शून्यात सहा जात नाही, म्हणून तिने काहीच लिहिलं नाही. मग आठ घेतले, सहा एके सहा, बाकी दोन. भागाकारात शून्य लिहायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं त्या दिवशी ती शाळेत नव्हती. मी विचारलं, सहाशे आठ रुपये सहा जणींत वाटले तर प्रत्येकीला अकराच रुपये येतील का? ती एकदम थांबली. मग हसली आणि मधे शून्य लिहिलं.

हा चौथीचा भागाकार आहे. त्याच मुलीच्या दहावीच्या पुस्तकात वर्गसमीकरणं आहेत आणि त्रिकोणमितीची सूत्रं आहेत. सूत्रं तिला पाठ होती. शाळेतल्या तिच्या गणिताच्या बाईंना मी दोष देऊ शकत नाही, कारण त्यांच्याकडे ती आठवीत आली. त्यांच्यापुढे साठ मुलांचा वर्ग, मार्चपर्यंत संपवायचा अभ्यासक्रम आणि मागे पाच वर्षांची थकबाकी. ही बाकी फेडता फेडताच दहावीचं वर्ष संपतं. अशा मुलीला बाईंनी 15 वरून 41 पर्यंत आणलं, तर निकालाच्या तक्त्यात ती फक्त एक 'उत्तीर्ण' दिसते. दुसऱ्या शाळेत 80 च्या तयारीचं मूल येऊन 72 घेऊन बाहेर पडलं, तर तिथे 'प्रथम श्रेणी' दिसते. कुठल्या शाळेने जास्त शिकवलं?

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न विचारत 2016 पासून शाळांचं एक मोजमाप सुरू झालं. मूल माध्यमिक शाळेत आलं तेव्हा कुठे होतं आणि सोळाव्या वर्षी कुठे पोचलं, या दोहोंतलं अंतर सारख्याच पातळीवरून निघालेल्या देशभरातल्या मुलांशी ताडून बघायचं. ही पद्धतही निर्दोष नाही, गरीब वस्तीतल्या शाळांवर तीही अन्याय करते असं म्हणणारे आहेत. पण विचारायचा प्रश्न तरी तिने बरोबर पकडला.

आता नववीबद्दल बोलायला हवं, कारण निकालातला सगळ्यात मोठा फेरफार तिथे होतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतच आहे. त्या कायद्यामुळे बरीच वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करता येत नव्हतं. नववीत मात्र करता येतं. त्यामुळे 'शंभर टक्के निकालाची परंपरा' असा फलक ज्यांना गेटवर लावायचा आहे, त्यांच्यासाठी नववी ही गाळणी ठरते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला त्याच्या शाळेने नववीच्या शेवटी वडिलांना घेऊन यायला सांगितलं. वडील रिक्षा चालवतात, दुपारचा धंदा सोडून गेले. तिथे त्यांना सांगितलं गेलं, की मुलगा दहावीत निघणार नाही, तुम्ही दाखला काढून घ्या आणि बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा. वडिलांनी दाखला घेतला. त्यांना वाटलं, सर सांगतायत तर बरोबरच असेल. तो मुलगा त्या शाळेच्या निकालात कधी मोजलाच गेला नाही. पासही नाही आणि नापासही नाही.

हिशेब करून बघूया. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण असे पट मी बघितलेत. एका शाळेत नववीला 58 मुलं होती, दहावीला बसली 40, आणि चाळीसच्या चाळीस पास झाली. निकाल शंभर टक्के, मुख्याध्यापकांचा सत्कार. दुसऱ्या शाळेत नववीला 92, दहावीला बसली 90, पास झाली 76. निकाल 84 टक्के, मुख्याध्यापकांना नोटीस. आता नववीच्या पटापासून मोजा. पहिल्या शाळेत 58 पैकी 40, म्हणजे 69 टक्के मुलं दहावी पार झाली. दुसरीत 92 पैकी 76, म्हणजे जवळपास 83 टक्के. नोटीस मिळालेल्या शाळेने आपली मुलं सोबत ठेवली आणि त्यातली जास्त पार नेली. गळतीमागे स्थलांतर, लग्न, काम अशी कारणंही असतात, सगळी मुलं शाळेनेच काढली असं नाही. तरी हा एक भागाकार केल्याशिवाय मी कुठल्याही शाळेचा शंभर टक्के निकाल खरा मानत नाही.

लहान शाळांची गोष्ट थोडक्यात. बारा मुलं बसलेल्या शाळेत एक नापास झालं की निकाल आठ टक्क्यांनी पडतो. दोनशे मुलांच्या शाळेत एक नापास झालं तर अर्ध्या टक्क्याने. म्हणून शहरातल्या शाळांची यादी लावली, की वरच्या टोकालाही छोट्या शाळा दिसतात आणि तळालाही छोट्याच. पुढच्या वर्षी त्यातल्या अनेक जागा बदलतात. मराठी माध्यमाच्या ज्या शाळांचा पट आटत चाललाय, त्यांच्याबाबत हे फार घडतं. अशा शाळेचा एका वर्षाचा आकडा बघूच नका, पाच वर्षांचे एकत्र करा.

एवढं वाचून कुणी म्हणेल, की मग शाळेने काही फरक पडतच नाही का, सगळं घरावरच आहे? तसं मुळीच नाही, आणि याचा पुरावा आहे. तो अमेरिकेतून आला, कारण तिथल्या दोन शहरांत मोजता येण्यासारखी परिस्थिती होती.

न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक अशा काही नामांकित सरकारी शाळा आहेत. प्रवेश परीक्षा देऊनच तिथे जाता येतं. त्यांचे निकाल अर्थातच डोळे दिपवणारे. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या अशा शाळांबद्दल एक साधी युक्ती केली. प्रवेशाची रेषा ज्यांनी एक-दोन गुणांनी पार केली आणि ज्यांची एक-दोन गुणांनी हुकली, ती मुलं जवळपास सारखीच असणार. मग पुढच्या परीक्षांत या दोन गटांत फरक दिसतो का? जवळजवळ दिसला नाही. त्या शाळांचा झळाळता निकाल मुख्यतः आत येणाऱ्या मुलांचा होता.

बॉस्टनमध्येच दुसऱ्या प्रकारच्या काही सरकारी पैशाच्या शाळा आहेत, जिथे अर्ज जास्त आले की सोडत काढतात. सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली मुलं केवळ नशिबाने वेगळी झालेली. तिथे मात्र नाव लागलेल्या मुलांचं गणित चांगलंच सुधारलेलं आढळलं, आणि ही बहुतांश गरीब घरांतली मुलं होती. त्या शाळांत दिवस मोठा होता, मागे पडलेल्यांना रोज वेगळं शिकवणं होतं. म्हणजे शाळा फरक पाडते, फक्त सगळ्यात प्रसिद्ध शाळा तो पाडतेच असं नाही.

मुंबईत पालिकेने 2020 पासून सीबीएसई आणि आयसीएसई मंडळाच्या शाळा सुरू केल्या, पहिल्या दोन जोगेश्वरीला आणि माटुंग्याला. सीबीएसई शाळांच्या प्रवेशासाठी सोडत काढावी लागली, इतके अर्ज आले. या शाळांचा निकाल चांगला लागला, तर त्याची तुलना शेजारच्या उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या पालिका शाळेशी लगेच करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या पालकाने अर्ज भरला, कागद जमवले, सोडतीला नाव लागतंय का ते बघितलं, त्याचं मूल आधीच वेगळ्या घरातलं आहे. तुलना करायचीच असेल तर सोडतीत नाव न लागलेल्या मुलांशी करा. ती यादी पालिकेकडेच असते.

माझ्या बघण्यात ज्या शाळांनी खरोखर फरक पाडला, त्यांच्यात भव्य काही नव्हतं. गणित आणि इंग्रजीचा शिक्षक सलग चार-पाच वर्षं टिकलेला होता. हे वाटतं तितकं सोपं नाही. 2012 मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली, त्यानंतर भरतीसाठी सरकारचं 'पवित्र' हे ऑनलाइन पोर्टल येईपर्यंत आणि पुढेही अनेक जागा रिकाम्या राहिल्या. तिथे तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, जूनमध्ये एक आणि दिवाळीनंतर दुसरं. शिवाय निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं आहेतच. जानेवारी 2024 मध्ये मागासवर्ग आयोगाचं घरोघर सर्वेक्षण झालं, त्यात मुंबईत पालिकेच्या शिक्षकांनाही जुंपलं होतं. दहावीची परीक्षा 1 मार्चला सुरू होणार होती. ज्या शाळेत गणिताला एकच शिक्षक आहे, तिथे तो आठवडा कुणी भरून काढायचा?

आणखी एक गोष्ट त्या शाळांत होती. आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाला जूनमध्येच वाचायला आणि भागाकार करायला बसवायचे. ज्याला येत नाही त्याची वेगळी यादी, आणि रोज शाळा सुटल्यावर पाऊण तास. सराव परीक्षा डिसेंबरात घेऊन काही साधत नाही, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

तुम्ही पालक असाल आणि आठवीसाठी शाळा शोधत असाल, तर फलकावरच्या टक्क्याऐवजी कार्यालयात जाऊन विचारा, की मागच्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि यंदा दहावीला किती बसली. प्रावीण्य, प्रथम, द्वितीय आणि नुसतं उत्तीर्ण अशी फोड मागा. नव्वद टक्के निकालात साठ टक्के मुलं 35 ते 45 च्या मध्ये असतील, तर ती शाळा पाण्याच्या कडेला उभी आहे. गणिताचे शिक्षक कायम आहेत का, किती वर्षांपासून आहेत, ते विचारा. आणि शाळेत एकापेक्षा जास्त तुकड्या असतील तर तुमच्या मुलाला कुठली मिळणार, हे नक्की विचारा. सेमीच्या अ तुकडीचा आणि शेवटच्या तुकडीचा निकाल यांत जेवढं अंतर असतं, तेवढं बऱ्याचदा दोन शाळांतही नसतं. हे विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. माझ्या अभ्यासिकेतल्या एका आईने विचारलं, तेव्हा लिपिकाने आधी कपाळाला आठी घातली आणि मग हजेरीपट काढून दाखवला.

पालिकेने आणि मंडळाने स्वतःहून हे छापायचं म्हटलं, तर काही नवं करावं लागणार नाही. राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'सरल' या सरकारच्या ऑनलाइन नोंदप्रणालीत क्रमांक आहे. पाचवीत कुठे होता, आठवीत कुठल्या शाळेत गेला, दहावीला बसला का, हे त्या क्रमांकावरून जोडता येतं. निकाल जाहीर करताना प्रत्येक शाळेच्या टक्क्याशेजारी आणखी एक रकाना छापावा: तीन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर असलेल्यांपैकी किती जण दहावी पास झाले. सतरा नंबरचा फॉर्म भरून गेलेला तो मुलगा त्या रकान्यात दिसेल. सध्या तो रोज संध्याकाळी सात वाजता येतो, आणि यंदा पुन्हा परीक्षेला बसतोय.